डॉ. अवतारसिंग पेंटल

रमजानचा महिना उन्हाळ्यात आला म्हणजे पालघर, बोईसर, तारापूर या भागात रोजेदारांचा घसा अगदी कोरडा पडतो. संध्याकाळी खजूर खाऊन थंड सरबताचा घोट घेतला, की तो गारवा छातीतून खाली उतरलेला जाणवतो. थोडे खाल्ले, की भूकही शमू लागते. खरे पाहता अन्न अजून पचलेले नसते. मग पोट भरत आले, हे मेंदूला कोण सांगते? डॉ. अवतारसिंग पेंटल यांनी या प्रश्नाचा छडा लावला.

पेंटल यांचा जन्म २४ सप्टेंबर १९२५ रोजी ब्रह्मदेशातील मोगोक या गावी झाला. लाहोरला कॉलेजचे शिक्षण घेऊन ते लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. दवाखाना उघडला असता तर पैसा मिळाला असता. पण त्यांचे मन संशोधनात रमले. पुढील अभ्यासासाठी ते स्कॉटलंडमधील एडिंबरोला गेले.

मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसे व जठर यांच्यापर्यंत जाणाऱ्या एका लांब चेतेला व्हेगस म्हणतात. तिच्यात हजारो बारीक तंतू असतात. त्यांतील एकच तंतू वेगळा काढून त्याचा संदेश टिपायचा, हे फार नाजूक काम होते. हात जरा हलला, की तंतू तुटे. पेंटल यांनी पॅराफिन तेलाचा उपयोग करून ही रीत साध्य केली. भूल दिलेल्या मांजरांवर त्यांनी प्रयोग केले. जठर फुगले, की काही तंतूंमधून संदेश धावू लागतात, असे त्यांना दिसले. हे संशोधन १९५४ साली प्रसिद्ध झाले. भूक आणि तहान शमण्याचे एक कारण त्यामुळे समजले.

याच चेतेवर थंडीचा काय परिणाम होतो, हेही त्यांनी तपासले. तंतू गार केला, की संदेशाचा वेग मंदावतो आणि फार गार केला, की संदेश थांबतो. हे निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण अन्न ऊन आहे की गार, हे जठराला कळते का? १९७९ मध्ये फ्रान्समधील शास्त्रज्ञांना मांजराच्या व्हेगस चेतेत तशा चेतापेशी सापडल्या. काही पेशी उष्णतेने जाग्या होत, तर काही थंडीने. म्हणजे आतड्या-जठराला केवळ ताण नव्हे, ऊनगारही कळते.

पेंटल १९६४ पासून १९९० पर्यंत दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक होते. धाप का लागते, याचाही त्यांनी शोध घेतला. १९८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले व १९८६ मध्ये ते पद्मविभूषण झाले. संशोधनातील लबाडी त्यांना मुळीच खपत नसे. खोटे आकडे लिहिणाऱ्यांना आळा घालण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. अशा कामाने माणूस सर्वांना प्रिय होत नाही. तरी ते त्यांनी सोडले नाही. २१ डिसेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले.