धर्मशाळा बांधणारे गाडगेबाबा



आपल्या अहमदपूर परिसरातून कोणी ना कोणी कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईला टाटा रुग्णालयात जातच असते. रुग्णाला खाट मिळते, पण सोबतच्या माणसाने रात्र कुठे काढायची, ही चिंता लातूरला गाडीत बसल्यापासूनच सुरू होते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा कितीतरी कुटुंबांना आसरा दिला आहे. ग्रामस्वच्छता अभियानामुळे बाबांचा झाडू सर्वांना ठाऊक झाला. आम्ही आज त्यांच्या धर्मशाळांविषयी लिहीत आहोत.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. दारूने वडील लवकर गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन दापुरे येथे माहेरी आली. डेबूजी तिथे गुरे राखून, शेतात राबून मोठा झाला. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली. निरक्षर माणूस कागदापुढे किती लाचार होतो, हे त्याने घरातच पाहिले. पुढच्या कीर्तनांतून कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, मुलांना शाळेत घाला हे बाबा इतक्या पोटतिडकीने का सांगत, ते यावरून कळते.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती झाडू व फुटके गाडगे. गावात शिरताच आधी रस्ते झाडायचे, मग भाकरी मागायची आणि रात्री कीर्तन. कोणी पाया पडू लागला की ते रागावत. १९२३ मध्ये मुलगा गोविंदा वारल्याची बातमी ऐन कीर्तनात आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही. (घरच्यांना हे किती जड गेले असेल, असेही आम्हाला वाटते.)

लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही एक झाली. दुखणे एकाचे असले तरी सोबत आलेलेही उपाशी आणि उघड्यावर असतात, हे बाबांनी ओळखले होते. आंधळ्या-पांगळ्यांना व कुष्ठरोग्यांना ते पंगतीत बसवून जेवू घालत. नातेवाइकांना मात्र या मिळकतीत त्यांनी वाटा ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ गाडीतच बाबांचे प्राण गेले. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे.

टाटाला जाणाऱ्या कुटुंबांनी निवासाची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात करावी. सोबत रुग्णाचे कागद ठेवावेत.