खिडकीतली बाग : चित्रकार कामीय पिसारो

आपला मुलूख सोडून पोटापाण्यासाठी दूर स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांना जवळचा वाटावा, असा हा चित्रकार. कामीय पिसारो यांचा जन्म १० जुलै १८३० रोजी वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस या तेव्हाच्या डॅनिश बेटावर झाला. मुलाने व्यापारात लक्ष घालावे, अशी वडिलांची इच्छा. मुलाचा जीव मात्र चित्रांत. १८५५ मध्ये ते पॅरिसला आले. पुढचे बहुतेक आयुष्य फ्रान्समध्ये काढूनही ते अखेरपर्यंत डेन्मार्कचेच नागरिक राहिले.

उघड्यावर, निसर्गासमोर बसून चित्र काढायचे, हा त्यांचा नेम. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते कुटुंबासह लंडनला गेले. तिथल्या लॉर्डशिप लेन स्टेशनचे, धूर सोडत येणाऱ्या गाडीसह त्यांनी १८७१ मध्ये काढलेले चित्र आपण रेल्वेवाल्यांनी तरी आवर्जून पाहावे. परत आल्यावर कळले, की प्रशियन सैनिकांनी त्यांच्या घरात तळ ठोकला होता आणि बहुतेक चित्रे नष्ट झाली होती. चाळिशीत, पदरी मुलेबाळे असताना त्यांनी पुन्हा सुरुवात केली. १८७४ ते १८८६ या काळात दृक्प्रत्ययवादी चित्रकारांची आठ प्रदर्शने भरली. त्या आठही प्रदर्शनांत भाग घेणारे पिसारो हे एकटेच. सेझान आणि गोगँ त्यांच्या हाताखाली शिकले. पैसा मात्र फार उशिरा, साठीनंतर मिळू लागला.

तोवर डोळ्याने दगा दिला होता. अश्रुनलिकेचा विकार पुन्हा पुन्हा उलटे. धूळ आणि वारा डोळ्याला काय करतात, हे लाइनवर काम करणाऱ्यांना सांगायला नको. उघड्यावर बसणे अवघड झाले. ज्याचे सारे काम उजेडाचे, त्याने आता काय करावे?

पिसारो यांनी खिडकी गाठली. १८९९ च्या सुरुवातीला त्यांनी पॅरिसच्या रिव्होली रस्त्यावर बिऱ्हाड केले. खाली त्विलरीची सार्वजनिक बाग, डावीकडे लूव्र राजवाडा, झाडांच्या शेंड्यांमागे चर्चचे मनोरे. बंद काचेआडून त्यांनी तीच बाग पुन्हा पुन्हा रंगवली. हिवाळ्याच्या दुपारी निष्पर्ण झाडांतून झिरपणारा फिकट उजेड, वसंतातल्या सकाळी कोवळी हिरवी पालवी, खाली मुंग्यांएवढी फिरणारी माणसे. जागा तीच, झाडे तीच. बदले तो फक्त प्रकाश. त्यांतली काही चित्रे आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

पुढे सीन नदीकाठच्या घराच्या खिडकीतूनही त्यांनी समोरचा छोटा बगीचा असाच रंगवला. १३ नोव्हेंबर १९०३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. हात अखेरच्या वर्षापर्यंत चालू होता.

आपल्या कॉलनीच्या बागेतही जुनी झाडे आहेत. ड्यूटीवर जाता-येता त्यांच्याकडे एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी पाहावे. पिसारो काय शोधत होते, ते थोडेफार आपल्यालाही दिसेल.