मिठावरील कर आणि नामदार गोखले

आपल्या ज्ञातीस ललामभूत झालेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. बालपण गरिबीत गेल्यामुळे गरिबाच्या घरातील मिठाचे मोल त्यांस ठाऊक होते. १८८८ साली, रुपयाचा भाव घसरत असता, सरकारने मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला. पुढे भाव सावरला, तरी कर उतरला नाही. दुष्काळाने रयत खंगली असताही खजिन्यात शिल्लक पडू लागली. ही शिल्लक भरभराटीची खूण नसून अवाजवी कराचे फळ होय, हे गोखल्यांनी २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदे कौन्सिलात सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध केले. त्यांनी हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. १९०३ साली कर दोन रुपये, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. मिठाचा खपही वाढला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते निवर्तले. त्यांच्या पुण्याईचा वाटा जातपात न पाहता प्रत्येक चुलीपर्यंत पोहोचला, याचाच ज्ञातिबांधवांनी अभिमान बाळगावा.