नामदार गोखले

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. गरिबीशी झगडत १८८४ साली ते पदवीधर झाले व पुढे पुण्यास शिक्षक झाले. तेथे त्यांना न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखे गुरू लाभले.

वय कोवळे आणि बुद्धी तल्लख असली, की आपलेच मत पुढे रेटण्याचा मोह होतो. गोखल्यांनी तो आवरला. रानड्यांच्या हाताखाली ते सरकारी अहवाल वाचीत, आकडे पडताळून पाहत, दाखविलेल्या चुका सुधारीत. १९०१ मध्ये रानडे निवर्तले, तोवर सुमारे चौदा वर्षे हा अभ्यास चालला. पुढच्याच वर्षी वरिष्ठ कायदेमंडळात गोखले अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले, तेव्हा सरकारलाही त्यांच्या शब्दांकडे कानाडोळा करता आला नाही.

जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी स्वदेशी परतले. ते गोखल्यांना गुरुस्थानी मानीत. एक वर्ष देशभर हिंडावे, लोकांचे ऐकावे आणि सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये, असे वचन गोखल्यांनी त्यांच्याकडून घेतले. १९ फेब्रुवारीस गोखले वारले. आता वचनाचा जाब विचारणारे कोणी उरले नव्हते. तरीही गांधीजींनी ते पाळले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून त्यांनी देश पाहिला.

१९१७ मध्ये चंपारण्यात गेल्यावर त्यांनी प्रथम हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. त्या जबान्यांपुढे निळीच्या मळेवाल्यांचे काही चालले नाही. १९१८ साली कायदा होऊन निळीची सक्ती संपली.

गुरूने कमावलेली ऐकण्याची विद्या अशी शिष्याच्या हातून गोरगरिबांच्या उपयोगी पडली.