वसंतराव नाईक आणि कोकणची खारजमीन

यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी बंजारा शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या वसंतराव नाईकांचे नाव आपण संकरित बियाणे, १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी यांच्याशी जोडतो, आणि ते योग्यच आहे. नागपुरात कायद्याचे शिक्षण, पुसदला वकिली व नगराध्यक्षपद, १९५२ साली आमदारकी आणि ५ डिसेंबर १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्रिपद हा जीवनक्रम सर्वपरिचित आहे. परंतु समुद्रापासून दूर, काळ्या मातीत वाढलेल्या या नेत्याच्या कारकीर्दीत कोकण किनाऱ्याचे रूपही पालटले, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो.

मुंबईवरील भार हलका करण्यासाठी त्यांच्या सरकारने मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना केली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी मुक्रर झाली. ही जमीन म्हणजे काही पडीक माळ नव्हता. भरतीचे पाणी बांध घालून अडवावयाचे, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढावयाचे आणि मग भात लावावयाचा, अशी ही आगरी शेतकऱ्यांची पिढीजात खारशेती. तिच्या शेजारी मिठागरे आणि बांधापलीकडे तिवरांचे वन. तिवरांची मुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात, कोळंबीला व मासळीच्या पिलांना आसरा देतात. भूसंपादनाच्या हिशेबात जमिनीला भाव होता. तिवरांच्या या कामाला रकानाच नव्हता. (अर्थशास्त्राच्या आमच्या पाठ्यपुस्तकांतही तो फार उशिरा आला, हे कबूल केले पाहिजे.)

नाईकांना एकट्याला दोष देणे अन्यायाचे होईल. किनारा नियमनाची अधिसूचनाच मुळी १९९१ ची. शिवाय दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये त्यांच्याच काळात उभे राहिले. तथापि शेतीच्या प्रश्नांत मुरलेल्या मुख्यमंत्र्याच्या सरकारला बांधापलीकडचा चिखल हा शेतीचाच भाग आहे हे उमगू नये, ही खंत उरतेच.

फेब्रुवारी १९७५ मध्ये ते पायउतार झाले, १९७७ साली वाशीममधून लोकसभेवर गेले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या उरण परिसरातील शेतकऱ्यांवर जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तिवरतोडीला मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली तेव्हा २००५ साल उजाडले होते.