श्वासाचे वैद्य : डॉ. रामन विश्वनाथन

क्षयाच्या नुसत्या नावाने घरादारावर सावट पडावे, अशा काळात डॉ. रामन विश्वनाथन (१८९९–१९८२) यांनी छातीच्या विकारांस आपले आयुष्य वाहिले. दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटची कोनशिला १९४९ मध्ये बसविली गेली. १९५३ मध्ये आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या हस्ते वास्तूचे उद्घाटन झाले. विश्वनाथन हे तिचे संस्थापक-संचालक. प्रयोगशाळांच्या जोडीला तेथे रुग्णसेवाही उभी राहिली.

१९५५ च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह बदलला, वझिराबादच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि राजधानीत काविळीची मोठी साथ आली. विकार फुफ्फुसाचा नव्हता, तरी विश्वनाथन यांनी तिचा कसून अभ्यास केला. सुमारे २९,३०० जणांना कावीळ झाल्याचे आणि गर्भवती स्त्रियांना तिचा धोका अधिक असल्याचे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. कारणीभूत विषाणू मात्र अज्ञातच राहिला. १९८० मध्ये त्या साथीतील जतन केलेले रक्तनमुने पुन्हा तपासले गेले, तेव्हा हा विषाणू ‘अ’ वा ‘ब’ प्रकारचा नसल्याचे दिसले. पुढे त्यास हिपॅटायटिस-ई हे नाव मिळाले.

१९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण लाभले. संस्थेचे रुग्णालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते आणि तिच्या प्रयोगशाळांत श्वसनमार्गाच्या विषाणूंवर संशोधन चालते. उत्तर हाती नसतानाही नोंद चोख ठेवावी, म्हणजे पुढच्या पिढीला ते गवसते, हाच त्यांच्या जीवनाचा वस्तुपाठ होय.