मातीतून उभे राहिलेले स्वप्न

मुलांनो, जत्रेतल्या पाळण्यात तुम्ही नक्कीच बसला असाल. जत्रा उठली की पाळणेही जातात आणि मैदान मोकळे होते. पण कधीच न उठणारी जत्रा कोणी उभारली तर? वॉल्ट डिस्ने यांनी ती उभारली. मिकी माऊसला जगापुढे आणणारे चित्रपटकार म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. आज त्यांच्या एका वेगळ्याच कामाची ओळख करून घेऊ या.

वॉल्ट यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. घरची परिस्थिती साधारण होती. लहानपणी ते आणि त्यांचे थोरले भाऊ रॉय पहाटे उठून घरोघर वर्तमानपत्रे टाकत. चित्रे काढण्याचा मात्र त्यांना मोठा छंद होता. १९२३ साली या दोघा भावांनी हॉलिवूडमध्ये चित्रपटांचा व्यवसाय सुरू केला. १९२८ साली मिकी माऊस पडद्यावर आला आणि वॉल्ट यांचे नाव सर्वत्र झाले.

वॉल्ट आपल्या दोन मुलींना बागेत घेऊन जात. मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि वडील बाकावर बसून राहत. मुले आणि मोठी माणसे जिथे एकत्र आनंद घेतील अशी जागा का असू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. या कल्पनेला पैसे द्यायला फारसे कोणी तयार नव्हते. वॉल्ट यांनी स्वतःच्या विम्यावर कर्ज काढले. पुढे एका दूरचित्रवाणी कंपनीने पैसे गुंतवले. त्याच्या बदल्यात वॉल्ट यांनी तिच्यासाठी मालिका तयार केली.

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम या गावाजवळ १६० एकर जमीन घेण्यात आली. तिथे संत्र्यांच्या व अक्रोडांच्या बागा होत्या. १९५४ च्या जुलै महिन्यात काम सुरू झाले. उद्घाटन मात्र वर्षभरातच करायचे होते! बुलडोझर आले. हजारो झाडे निघाली. ठेवायच्या झाडांना एका रंगाच्या फिती बांधल्या होत्या आणि काढायच्या झाडांना दुसऱ्या. पण बुलडोझर चालवणाऱ्याला रंगच नीट ओळखता येत नव्हते, त्यामुळे चांगली झाडेही गेली, अशी आठवण सांगतात. एका कुटुंबाने मात्र जमीन देताना आपले जुने खजुराचे झाड जपण्याची विनंती केली होती. ते झाड मुळांसकट उचलून बागेतच दुसऱ्या जागी लावण्यात आले.

नंतर नदी खणायला घेतली. निघालेली माती वाया घालवली नाही. तिचा बागेभोवती उंच बांध घातला आणि त्यावर आगगाडीचा रूळ टाकला. आत आलेल्या माणसाला बाहेरचे रस्ते व विजेचे खांब दिसू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. नदीत पाणी सोडले, तर ते जमिनीत जिरून गेले! जमीन रेताड होती. मग तळाला चिकणमातीचा थर दिला, तेव्हा कुठे पाणी टिकले.

१७ जुलै १९५५ रोजी ‘डिस्नेलँड’चे उद्घाटन झाले. तो दिवस फजितीचा ठरला. खोटी आमंत्रणपत्रे घेऊन अनेक लोक आत शिरले. काही ठिकाणी नळाला पाणी नव्हते. उन्हाने रस्त्याचे नवे डांबर मऊ झाले आणि स्त्रियांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतल्या. वर्तमानपत्रांनी टीका केली. वॉल्ट खचले नाहीत. त्यांनी एकेक चूक दुरुस्त केली. दोन महिन्यांच्या आतच दहा लाख लोक ती बाग पाहून गेले.

पुढे त्यांनी फ्लोरिडा राज्यात २७,००० एकरांहून अधिक जमीन घेतली. तिच्यात मोठ्या दलदली होत्या. ती कोरडी करण्याचे काम सुरू होण्यापूर्वीच, १५ डिसेंबर १९६६ रोजी, वॉल्ट यांचे निधन झाले. तेव्हा रॉय यांनी आपली निवृत्ती पुढे ढकलली. कालवे खणले गेले, तलाव झाले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी नवी बाग उघडली. रॉय यांनी तिला आपल्या भावाचे पूर्ण नाव दिले.

मुलांनो, बागेत गेल्यावर आपल्याला पाळणे दिसतात. पायाखालची माती कोणी पाहत नाही. पण ती नीट बसवली नसेल, तर वरचे काहीच टिकत नाही. तुमच्या अभ्यासाचेही तसेच नाही का?